अंगणाचा ढाळ

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. ती भाकरी थापत पाठमोरी बसलेली असते तेव्हा एक-दोनदा ओठांवर आलं होतं — पण गिळलं. आता गिळायचाही कंटाळा आलाय. तुम्ही ना आमच्या गावचे, ना भावकीतले. म्हणून तुम्हाला सांगतो.

राणीसावरगावात माझं आणि थोरल्या भावाचं घर समोरासमोर, मधे एकच अंगण. मी शाळेत शिपाई, घर पक्कं. दादाचं घर मातीच्या भिंतींचं. तो आणि वहिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. अंगण काळ्या मातीचं, पावसात चप्पल रुतून बसायची. आणि जमिनीचा कल माझ्याकडे, म्हणून तळं साचायचं ते माझ्याच दारात. यात दादाचा काय दोष? काहीच नाही. पण घमेल्यानं पाणी उपसताना त्याचं कोरडं दार बघून माझं डोकं फिरायचं. मी तसा कोत्या मनाचाच माणूस — हे आधीच सांगून टाकतो.

एका साली ते तोडीवर असताना मी अंगणात विटा बसवायला काढल्या. फोनवर सांगितलं तर दादा खूश झाला. काळी माती उकरून काढली, मुरूम भरला, ठोकून घेतला. तिथवर सगळं नीट केलं. मग गवंड्यानं दोरी बांधली आणि विचारलं, "ढाळ कुनीकडं काढू?"

पाणी रस्त्याकडे काढायचं तर मधे माझी नवी पायरी येत होती. ती फोडावी लागली असती. हौसेनं लाल फरशी लावलेली पायरी — एवढीच गोष्ट! मी हातानं दादाच्या घराकडे दाखवलं.

"मातीची भित हाय ती," गवंडी म्हणाला.

मी पुन्हा तिकडेच हात केला. इतकी वर्षं आम्ही उपसलं, आता त्यांना उपसू दे — असं मनात आलं होतं. हो, अगदी असंच.

दादा आला तेव्हा विटांवरून अनवाणी फिरला. "लय झाक केलंस, बापू," म्हणाला आणि पाठ थोपटली. तेव्हा तरी सांगायचं ना?

पहिल्या पावसाळ्यात त्याची भिंत खालून ओली दिसायला लागली. दादा विचारायला आला, पाणी इकडं कसं वळलं. मी सांगितलं, गवंड्यानं घोळ केला. विटा उचलून ढाळ बदलता आला असता — पण पायरी! पुढच्या पावसाळ्यात भिंत बसली. वहिनी चुलीपाशी होती. पाय खाली सापडला. हाड जुळलं, पण पाय वाकडाच राहिला.

उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. वहिनीला वाकून मोळी बांधता येईना, तेव्हा दादा एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून. जाताना टोळीच्या ट्रकमध्ये सगळ्या जोड्या, आणि हा एका कडेला. वहिनीला आमच्या घरून भाकरी जायची. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो, मान हलवायचो. आणि तो गवंडी? आमच्या आळीत त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. बाजारात दिसला की माझ्या तोंडाकडे बघायचा आणि पुढं जायचा.

यंदा दादानं गावाबाहेर रानात पक्क्या दोन खोल्या बांधल्या. पुढं विटांचं अंगण करायचं म्हणून मला बोलावलं.

"दोरी तूच धर, बापू. आता परक्यावर सोडायचं न्हाई. मागच्या टायमाला त्या गवंड्यानं लय घात केला बघ."

मी दोरी धरली. ढाळ घरापासून लांब काढला, बरोबर काढला. दिवसभर आम्ही दोघं भाऊ विटा बसवत होतो, आणि तो लहानपणीच्या गोष्टी सांगत होता. मी "हं, हं" करत होतो. माझी पायरी अजून तशीच आहे. लाल फरशी, एकही तडा नाही.

उन्हं कलली तेव्हा वहिनी पाय ओढत चहा घेऊन आली. दादाच्या आधी तिनं मला दिला.

मी तो घेतला. आणि प्यायलो.