दादाच्या मानेतली गाठ

ज्याला लिहिण्याचा सराव नाही, त्याने वाचकाचा वेळ घेऊ नये हे मला कळते. तरीही लिहायला बसले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. पॅथॉलॉजिस्ट म्हणून तीस-बत्तीस वर्षे काम केले, त्या काळातले माझे सारे लेखन म्हणजे तपासणीचे अहवाल. तीन-चार ओळी आणि खाली सही. त्या ओळींत ‘मी’ हा शब्द कधी येत नसे, आणि आज तो लिहिताना हात अडखळतो.

आमची लॅब घाटकोपरला होती. खालच्या मजल्यावर कान-नाक-घशाचे सर्जन बसत, त्यामुळे मानेच्या गाठी माझ्याकडे अधिक येत. मानेची गाठ फसवी असते. दाढेत पू झाला तरी ती येते, क्षयाने येते आणि जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरनेही येते. नुसत्या स्पर्शाने नक्की सांगता येत नाही. बारीक सुईने आतला थोडा अंश ओढायचा, काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, एवढे आमचे काम. मुंबईत मानेतून पिवळा द्रव निघाला की आमचे मन आधी क्षयाकडे जाते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते.

घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही, सहकाऱ्याला द्यायची, असा आमच्यात एक अलिखित नियम आहे. नव्याने येणाऱ्या मुलींना तो मीच शिकवत असे.

एका शनिवारी सकाळी दादा आणि वहिनी चारकोपहून आले. दादाच्या जबड्याखाली, उजव्या बाजूला, आवळ्याएवढी गाठ होती.

“काय गो बाय,” खुर्चीत बसता बसता दादा म्हणाला, “जन्मभर लोकांच्या माना पकडल्यास. आता भावाची पकड.”

“मस्करी सुचतेय यांना,” वहिनी म्हणाली. “वन्सं, येताना बसमध्ये गप्प बसून होते हो. सुईला घाबरतात.”

“घाबरतो कसला! हिच्या हातात सुई म्हणजे... लहानपणी भावलीचे कपडे शिवताना चार वेळा मला टोचलीय हिने.”

“तंबाखू परत सुरू नाही ना केलीस?” मी विचारले.

“आईशप्पथ नाही. तू एवढं बोलून बोलून सोडायला लावलीस, नऊ वर्षं झाली. विचार हिला.”

वहिनीने मान डोलावली. त्या नऊ वर्षांचा मला अभिमान होता. दादाने आयुष्यात माझे ऐकलेली ती एकच गोष्ट होती.

सुई घातली तेव्हा त्याने वहिनीचा हात घट्ट धरला. सिरिंजमध्ये गढूळ पिवळा द्रव आला आणि गाठ जवळजवळ सपाट झाली. दादाने चाचपून पाहिले. “गेली की गो!” तो म्हणाला. मला हसू आले.

माझी सहकारी सोमवारी येणार होती. मी थांबले नाही. दुपारी काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सगळीकडे मेलेल्या पेशींचा गाळ होता. क्षयात असाच दिसतो. फक्त काचेच्या एका कडेला तीन पेशींचा पुंजका होता. पेशी गडद नारिंगी होत्या, त्यांची केंद्रके काळपट आणि वेडीवाकडी. कॅन्सरमध्ये पेशी अशा होतात. तीव्र सूज असली तरी कधीकधी अशा होतात, असेही पुस्तकात लिहिलेले आहे. मी त्यातले दुसरे वाक्य निवडले. क्षयाचे जंतू दिसले नव्हते आणि पुढच्या चाचणीला द्रव उरला नव्हता, तरी अहवालात मी क्षय लिहिला. ती काच परक्या माणसाची असती, तर ‘संशयास्पद पेशी, पुन्हा सुई घालावी’ असे मी लिहिले असते.

संध्याकाळी फोन केला. दादाने आधी एवढेच विचारले, “परत टोचायचं नाही ना?”

“नाही रे, गरज नाही,” मी म्हणाले.

टीबी हा शब्द ऐकून लोकांच्या घरी रडारड झालेली मी पाहिली आहे. आमच्याकडे वहिनीने शिरा केला. “टीबीच ना? औषधाने जातो तो. देव पावला,” ती फोनवर म्हणाली. दादाची औषधे सुरू झाली. रोज दोन अंडी, दूध, खजूर. गाठ काही आठवडे सपाट राहिली आणि मला माझा अहवाल खरा वाटू लागला.

मग ती परत आली, या वेळी टणक. उपचार चालू असताना क्षयाच्या गाठी कधीकधी फुगतात. मी तसे सांगितले आणि आणखी काही आठवडे गेले. दादा म्हणे, “गोळ्या गिळवत नाहीत.” वहिनीला वाटे, हा टाळाटाळ करतो. ती रागावून, प्रसंगी ओरडून गोळ्या घ्यायला लावी. एका रविवारी तो मला सहज म्हणाला, “हल्ली उजवा कान ठणकतो गो. कानात तर काहीच नाही म्हणतात.”

कान निरोगी असून ठणकतो, तेव्हा दुखणे घशात असू शकते. दुसऱ्या दिवशी सर्जनांनी नळी घालून पाहिले. जिभेच्या मुळाशी, आरशात दिसणार नाही अशा जागी, कॅन्सरची गाठ होती. मानेतली गाठ तोवर मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती.

रेडिएशनच्या शेकाने दादाची लाळ आटली, चव गेली, आवाज घोगरा झाला. नाकातल्या नळीतून पेज घेत असताना एकदा त्याने मला जवळ बोलावले.

“आधी काय दिसला नव्हता ना गो तुला?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्या हातावर थोपटले. पुढे चार महिन्यांत तो गेला.

नंतर ती काच मी नाव झाकून सहकारी डॉक्टरला दाखवली. तिला मिनिटही लागले नाही. “हा तर सरळ कॅन्सर आहे, मॅडम. कोणाची आहे?” जुनी केस आहे, असे मी सांगितले. सर्जनांना विचारले, तर ते म्हणाले, त्या काही महिन्यांनी किती फरक पडला असता, हे कोणी सांगू शकणार नाही. ते खरेच असेल.

वहिनी आता महिन्यातून एकदा मुलुंडला माझ्याकडे राहायला येते. तिला मूल नाही, माहेरचेही कोणी उरलेले नाही. गेल्या खेपेला भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “वन्सं, तुम्ही पहिल्याच दिवशी सुई घातलीत, आणखी काय करणार होतात? चुकलं माझंच. ते म्हणत होते गिळवत नाही, आणि मी ओरडायचे. नाटकं करू नका म्हणायचे. माझ्या घरात, माझ्यासमोर, आणि मला कळलं नाही.” मी शेंगा मोडत राहिले.

जो दोष ती स्वतःकडे घेऊन बसली आहे, तो तिचा नाही. ते तिला पटवायचे, तर त्या तीन पेशींविषयी सांगावे लागेल, आणि दादाला मी जे उत्तर दिले त्याविषयीही. सांगितले, तर तिचा अपराध हलका होईल. पण ज्या एका घरी ती हक्काने येते, तिथे मग ती कदाचित येणार नाही. माझी भीती कोणती आणि तिची काळजी कोणती, हे मला वेगळे करता येत नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर वहिनीला सांगितले असते का?