नातीसाठी डच

बेहाल्याहून खिदिरपूरला जाणाऱ्या माझ्या बसमध्ये एक वयस्कर बंगाली गृहस्थ रोज दाराजवळ बसायचे. ओठांतल्या ओठांत एकेक डच शब्द फोडायचे आणि जिथे जोर असेल तिथे शेजारच्या पत्र्यावर थाप मारायचे. 'स्लाप-का-मर', म्हणजे झोपायची खोली. थाप 'स्लाप'वर, बाकीचं हळू.

एकदा थाप जरा जोरातच पडली. कंडक्टरनेच थांबायला पत्रा ठोकला असं वाटून ड्रायव्हरने भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. अख्खी बस त्यांच्यावर चिडली. मीही चिडलो.

"सॉरी दादा," ते मला हिंदीत म्हणाले, "नात हॉलंडमध्ये वाढतेय, तिला बंगाली येत नाही. तिथले जोडशब्द बहुतेक पहिल्या भागावर जोर देऊन म्हणतात. माझा जोर भलतीकडे पडला, की ती व्हिडिओ कॉलवर आईच्या तोंडाकडे बघते."

या वयात कशाला हे सगळं, असं मनात म्हणत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

संध्याकाळी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय गं, अशी हिरमुसून का बसलीस?" तिने नातीला विचारलं.

इथेच बंगालीत वाढलेल्या माझ्या मुलीने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं.