माझं ठरलेलं उत्तर मुलीने खोडून काढलं

मैत्रिणींनो, आज येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. निलंग्याजवळच्या आमच्या शेतात भज्जी-आंबील जेवायला सगळे नातेवाईक जमले होते.

मुलगी जर्मनीहून शिकून आली, त्याला सात महिने झाले. "परत कधी जाणार?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "सुट्टीवर आहे." आज पंगतीत एका काकूंनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

"सुट्टी नाही, काकू," मुलगी मध्येच म्हणाली. "तिथं माझं मन आजारी पडलं. लातूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

किल्लारीच्या थोरल्या जाऊबाई आंबील वाढत होत्या. त्या तिच्याजवळ खाली बसल्या.

"भूकंपानंतर मी चार वर्षं घरात झोपले न्हाई, बाई. अंगणातच पडायची. लोकांना सांगायची, आत लई उकडतंय." मग स्वतःच हसल्या. "थंडीत बी उकडायचं मला!"

सात महिन्यांत मुलगी पहिल्यांदा खळखळून हसली.

मी थक्क झाले. तीस वर्षं आम्ही एका पंगतीत जेवतोय, आणि जाऊबाईंचं हे मला आज कळलं. तेही मुलगी खरं बोलली म्हणून.

माझं ते उत्तर आजपासून बंद.

थंडीत अंगणात झोपणारं कुणी तुमच्याही घरात आहे का? कारण विचारलंत कधी?