निळ्या झाकणावरची कालवं

ईशान, मीरा,

इतकी वर्षं डोंबिवलीत राहूनही ठाण्याची खाडी मी फक्त पुलावरून पाहिली होती. गेल्या शनिवारी पहिल्यांदा तिच्या चिखलात उतरले आणि एक चप्पल तिथेच ठेवून आले. सगळं क्रमाने सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर सायली राहते. ती समुद्रातल्या आणि खाडीतल्या जीवांची शास्त्रज्ञ आहे. कुठला जीव नाहीसा व्हायच्या बेतात आहे आणि पाण्यातल्या प्लास्टिकचा त्यात किती वाटा आहे, हे ती शोधते. सध्या ती एका कालवाच्या मागावर आहे. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा, दगडाला कायमचा चिकटून बसणारा जीव. त्यातली ही जात बोटाच्या पेराएवढी, शिंपल्याच्या कडेला जांभळी रेघ असलेली. दोन वर्षं शोधून या खाडीत सायलीला मिळाले ते नुसते रिकामे शिंपले. रिकाम्या शिंपल्यावरून आतला जीव महिन्यापूर्वी मेला की वीस वर्षांपूर्वी, हे कळत नाही. अहवाल द्यायची वेळ आली होती. शनिवारीही जिवंत कालव दिसलं नाही, तर ‘या खाडीतून नाहीसे’ असं तिला लिहावं लागणार होतं. तिची मदतनीस तापाने आजारी होती, म्हणून नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहायला मी गेले.

सकाळी सहाला गाडीने निघालो. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. सायलीने तेवढ्यात चिठ्ठी कशी भरायची ते शिकवलं: जागा, वेळ, कशाला चिकटलेलं होतं, जिवंत की मृत, कोणी आणलं. मी विचारलं, एवढ्याशा कालवाचा आपल्याला उपयोग काय? ती रागावली नाही. कालव दिवसभर पाणी आत घेतं, त्यातलं खाणं ठेवतं आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतं, असं तिने सांगितलं. म्हणजे खाडीची गाळणीच. आता त्या गाळणीत प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कणही अडकतात.

मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून ठाण्यात शिरलो आणि आठच्या सुमारास कोळीवाड्यात पोचलो. उंच इमारतींच्या मागे एवढं गाव असेल, असं रस्त्यावरून वाटतही नाही. दोन गल्ल्या, एक देऊळ, वाळत घातलेली जाळी, आणि मग तिवरांची (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची) हिरवी भिंत. तिच्यापलीकडे राखाडी पाणी.

हिराबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. साठीच्या असतील. त्या आणि त्यांचे यजमान हरेश्वरभाऊ डोल लावतात, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं लांब जाळं. पूर्वी जाळ्यात आलेलं प्लास्टिक ते परत पाण्यात टाकत. किनाऱ्यावर आणून ते न्यायला तरी कोण येणार? सायलीने महिन्यापूर्वी विनंती केली होती की यापुढे टाकू नका, गोणीत भरून ठेवा, मी येऊन नेईन. त्या प्लास्टिकला काय चिकटलेलं आहे ते तिला पाहायचं होतं.

हिराबाईंनी पाच गोण्या आणून ठेवल्या आणि पहिली उघडली. बाटल्या, डब्यांची झाकणं, दोरांचे तुकडे, चपलांची एक अख्खी जोडी. सगळं लख्ख. पिशव्या तर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या.

सायली एकेक वस्तू उचलून उलटसुलट पाहत होती. शेवटी तिने विचारलं, “मावशी, हे धुतलं कोणी?”

“मीच. चार दिस लागलं. चिखुल व्हता, काय काय चिकटलेलं व्हतं, ते समदं सुरीनं खरवडून काढलं.” हिराबाईंना कौतुकाची अपेक्षा होती. सायलीचा चेहरा पाहून त्या थांबल्या. “बाजारात मासली कदी धुतल्याबिगर ठेवली नाय मी. मंग पावन्याच्या हातात घान कशी देयाची?”

सायली ओट्यावर बसली. मी कोऱ्या चिठ्ठ्या पुन्हा पिशवीत ठेवल्या. मला हिराबाईंचंही वाईट वाटलं. पाहुण्यासाठी मीसुद्धा हेच केलं असतं.

खरवडलेलं सगळं खाडीत गेलं असणार, असं धरून सायलीने ते कुठे टाकलं, एवढंच सहज विचारलं. हिराबाई म्हणाल्या, चिखल गेला, पण कालवं कशी टाकीन? बारीक होती, पण वाटीभर निघाली. परवा भाताबरोबर खाल्ली.

“कडेला जांभळी रेघ होती का?” सायलीने विचारलं.

“व्हती तर. गोड लागतात ती.”

सायली उठून उभी राहिली. दोन वर्षं ती ज्याच्यासाठी वणवण करत होती, ते या घरात परवा ताटात पडलं होतं. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. हिराबाईंनी मागच्या दारी नेऊन शिंपले दाखवले. ताजे होते, काहींच्या आत मांसाचा धागा अजून चिकटलेला होता. सायलीने चिमट्याने ते उचलून बाटलीत ठेवले. आणखी तपासायला एवढं पुरेल, पण खाडीत अजून एक तरी जिवंत आहे का, ते स्वतः पाहायचं आहे, असं ती म्हणाली.

कालवं कुठल्या वस्तूवर होती? हिराबाईंना प्रत्येक वस्तू आठवत होती. त्यांनी गोणीतून एक मोठं निळं झाकण काढलं. हे जुन्या धक्क्याजवळच्या डोलीत आलं, त्या म्हणाल्या.

ओहोटी लागली होती. हरेश्वरभाऊंनी होडी काढली, हिराबाईही निघाल्या. होडीकडे जाताना माझा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. तो वर आला तो चपलेशिवाय. हरेश्वरभाऊंनी बांबूने बरंच ढवळून पाहिलं.

“ऱ्हाऊ दे, ताई,” हिराबाई म्हणाल्या. “दोन वर्सांनी या. कालवां लागली असतील तिला.”

जुना धक्का म्हणजे आता पाण्यात उरलेले दगडी खांब. लांबवर चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसत होती, पण आम्हा कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. खांबांना प्लास्टिकच्या चिंध्यांचे थर गुंडाळलेले होते. हरेश्वरभाऊंनी ते कोयत्याने कापले. आतला दगड काळा, गाळाने माखलेला. त्यावर कालवांच्या जुन्या पांढऱ्या खुणा तेवढ्या होत्या. सायलीने चारही खांब हाताने चाचपले. काही नाही.

शेवटच्या खांबाच्या बुडाशी प्लास्टिकचा एक फुटका क्रेट अडकला होता. तिने तो उलटा केला. आतल्या कोपऱ्यात पाच-सहा कालवं होती, कडेला जांभळी रेघ, घट्ट मिटलेली. मी विचारलं, जिवंत आहेत? ती म्हणाली, अजून सांगता येत नाही. तिने क्रेट खाडीच्या पाण्याने भरलेल्या टबात ठेवला आणि आम्ही चौघं टबाभोवती वाकून बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. पाणी चढू लागलं तशी होडी डुलू लागली. मग एका शिंपल्याच्या कडेला नखाएवढी फट पडली. सायलीने गवताची काडी तिला लावली. फट चटकन मिटली.

सायलीने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी ‘जिवंत’ असं लिहिलं. ‘कशाला चिकटलेलं’ या रकान्यापाशी मात्र माझा हात थांबला. “लिहा, काकू,” ती म्हणाली. “प्लास्टिकला.”

फोटो काढून झाल्यावर तिने क्रेट पुन्हा त्याच जागी, दोरीने बांधून ठेवला.

“दोन वर्सं कचरा काढा, काढा म्हनता,” हरेश्वरभाऊ म्हणाले, “नि आज सोताच्या हातानं बांधता.”

ती हसली, पण मनापासून नाही. दगड गाळाखाली आणि चिंध्यांखाली गुदमरले, म्हणून बिचारी मिळेल त्याला चिकटली, असं तिने समजावलं. प्लास्टिक आज आहे, उद्या वाहून जाईल. त्यावर कुठली जात पिढ्यान्‌पिढ्या टिकायची नाही. आधी दगड मोकळे व्हायला हवेत. ते होईपर्यंत क्रेट काढायचा नाही.

दुपारी हिराबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोयांचं आंबट (खाडीतल्या बोय माशांचा, चिंच घातलेला पातळ रस्सा) वाढलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वाढता वाढता हिराबाईंनी विचारलं, “म्हंजे आता ही कालवां आमी खायाची नाय?”

सायलीने हातातला घास खाली ठेवला. तुम्ही खाल्ली म्हणूनच मला ती सापडली, हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, “सक्ती नाही, मावशी. पण थोडी वर्षं सोडाल का? फक्त या जातीची?”

हिराबाईंनी हरेश्वरभाऊंकडे पाहिलं. ते ताटात पाहत होते. “सोडते,” त्या म्हणाल्या. “पन एक सांगून ठेवते. ती दगडावर दिसली ना, की पयली वाटी माजी.”

“पहिली वाटी तुमची,” सायली म्हणाली.

पाच वाजता निघालो. माझ्या पायांत गोणीतली ती धुतलेली जोडी होती. हिराबाईंनी अनवाणी जाऊ दिलं नाही. मुंब्रा मागे पडला. सायली म्हणाली, “काकू, अहवालात शेवटी लिहावं लागतं, काय झालं म्हणजे हा जीव सावरला असं मानायचं. मी दोन वर्षं त्या जागी अवघड वाक्यं लिहून खोडतेय.”

आता त्या जागी हिराबाईंची पहिली वाटी येणार, हे मला न विचारताच कळलं. तुम्ही इथे याल तेव्हा मी तुम्हाला कोळीवाड्यात नेईन. हिराबाईंना एवढंच विचारू, पहिली वाटी झाली का?

तुमची आजी