गाडी जाईस्तोवर

“गाडी जाईस्तोवर हात काढायचा न्हाई, अण्णा.”

मामांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच दुकानाच्या शटरखाली. बीदरजवळ नौबादला माझं मोटर भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. बोअरचे पंप जळले की लोक माझ्याकडं येतात. त्या दिवशी शटर सारखं खाली घसरत होतं आणि आम्ही एक जड मोटर टेंपोत चढवत होतो. रस्त्यानं जाणाऱ्या या गृहस्थांनी काही न विचारता शटर दोन्ही हातांनी वर धरलं. मोटर चढली, टेंपो निघाला, वळणाआड गेला, तरी हे आपले हात वर करून उभे! मी म्हटलं, “मामा, सोडा की आता.” तेव्हा मिळालेलं हे उत्तर.

मामा रेल्वेत सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते, ती जागा म्हणजे सांधा. दांडा ओढायचा आणि शेवटचा डबा पार होईपर्यंत धरून ठेवायचा, यात त्यांची उभी नोकरी गेली. तुमच्याही ओळखीत असतील अशी माणसं. नोकरी सुटते, सवय सुटत नाही. मैलूरच्या त्यांच्या घरून कुणी निघालं की मामा फाटक धरून उभे राहायचे. पाहुण्याची स्कूटर दिसेनाशी झाली की मगच कडी लावायचे.

पुढं एकदा ते दुकानात आले, “जयभीम अण्णा” म्हणाले आणि तळहात पुढं केला. त्यावर सुपारीएवढी जळकी कॉइल.

“हे भरून द्या.”

माझं टाळकंच सरकलं. “मामा, माझ्याकडं पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी येत्यात. हे काय सुपारी आणलाव?”

“सांधा हाय,” मामा म्हणाले. “घरातला.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामींना झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डावा हात तेवढा राहिला, पण त्याची बोटं संधिवातानं आधीच आखडलेली. इकडं मामांचा एक कान बंद आणि दुसरा आपल्या मर्जीचा मालक. एका दुपारी मामा ओसरीत पेपर वाचत बसले आणि आत मामी घोटभर पाण्यासाठी भिंतीवर हात आपटत राहिल्या. मामांना ऐकूच आलं नाही. नेमका त्याच वेळी हैदराबादहून पोरगा आला, आणि आईचे वाळलेले ओठ त्यानं बघितले.

पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पण तो पार हादरला. “बाबा, बुद्धपौर्णिमेला येतो तेव्हा आईला घेऊन जातो. तिथं नर्सा असतात,” म्हणाला.

“ने की,” मामा म्हणाले. “पर तिनं सांगितलं पायजे.”

“ती बोलती का?”

 त्यावर मामांनी माळ्यावरची खेळण्यातली रेल्वे खाली काढली. निवृत्तीच्या वेळी पोरानंच हौसेनं दिलेली. मग आणखी रूळ आणले आणि सगळ्या घरभर अंथरले. मामींच्या खाटेपासून तीन वाटा: एक स्वयंपाकघरात, एक मामांची खाट असलेल्या ओसरीत, एक बाहेरच्या दाराशी. खाटेला तीन बटणं. मामींनी बटण दाबायचं, कपाळावर दिवा लावलेलं इंजिन तिकडं जाणार आणि तो दिवा मामांना ओसरीतून दिसणार. स्वयंपाकघर म्हणजे चहा-पाणी, ओसरी म्हणजे ‘तुम्ही या’, दार म्हणजे ‘बाहेर न्या’.

मी म्हटलं, “मामा, एवढा कुटाणा कामून करायलाव? तीन बल्ब लावा की.”

“बल्ब लागला तर मी जाईन. गाडी आली तर तिनं धाडलेली आसंल.” मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कॉइल भरायला घेतली.

केसाएवढी तार हो! डोळे फुटायची वेळ आली. आणि चारच दिवसांत मामा परत हजर, पुन्हा जळकी सुपारी घेऊन. खेळण्यातला सांधा हलवायला कॉइलला नुसता झटका द्यायचा असतो. करंट चालू राहिला की ती जळते. पण मामा गाडी चालवून बघताना बटण दाबायचे आणि ती पार होईपर्यंत बोट काढायचेच नाहीत. मी ओरडलो, “ही तुमची रेल्वे न्हाई, मामा! बोट टेकवा आन उचला.” बिचारे शिकले, पण कसं? बटण दाबून झालं की हात पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवायचे.

तरीही कॉइल जळलीच. “आता मी न्हाई जाळलो,” मामा खाली बघत म्हणाले. “ती.”

त्यांच्याबरोबर मैलूरला गेलो. मामींनी माझ्यासमोर बटण दाबलं. दाबलं खरं, पण ते आखडलेलं बोट काही उठेना. घामानं कपाळ भिजलं, बोट तिथंच, आणि खोलीत जळकट वास सुटला. मामींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामांनी हळूच बोट सोडवून हात आपल्या हातात घेतला. “तुझी चूक न्हाई गं. वायरिंग चुकलंय.”  पौर्णिमा तोंडावर आली होती.

उपाय मला सुचला तो दुकानात पडलेल्या बँडवाल्याच्या जुन्या अँप्लिफायरमुळं. त्यातला मोठा कपॅसिटर काढला. तो तांब्यासारखा हळूहळू भरतो आणि एका दमात उपडा होतो. बटणावरचं बोट उठेपर्यंत पुन्हा भरत नाही. म्हणजे बोट किती का वेळ राहीना, झटका एकच. पण हॉलमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदत होते, त्याला मामा ‘कैची’ म्हणायचे. तिथं एका बटणावर दोन सांधे एकदम हलायला हवे होते. पहिला हलायचा, दुसरा अर्ध्यात लटकायचा, आणि गाडी तिथंच रुळावरून उतरायची. दुसरा कपॅसिटर जोडला. तरी दहातनं एखाद्या वेळी फसायचंच. मामांनी त्यात आपली रेल्वे आणली: दोन्ही सांधे पक्के बसल्याशिवाय इंजिनाला करंटच मिळायचा नाही.

पौर्णिमेला पोरगा आला. आईच्या कपड्यांची बॅग भरून दारातल्या खुर्चीवर बसला. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“तूच इचार तिला,” मामा म्हणाले.

पोरगा खाटेजवळ वाकला. “आई, माझ्यासंगं येणार आसलीस तर दाराची गाडी धाड. हितंच ऱ्हायचं आसंल तर बाबांची.”

मामींनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग हात सरकला आणि बोट एका बटणावर बसलं. कुठल्या, ते माझ्या बाजूनं दिसेना. काहीच हललं नाही.  मामा कैचीवर नजर लावून उभे, हात पाठीमागं घट्ट धरलेले.

टक. आणि थोड्या वेळानं, टक.

इंजिनाचा दिवा लागला. गाडी निघाली, कैचीवर खडखडली आणि दाराकडंही गेली नाही, ओसरीकडंही नाही. सरळ स्वयंपाकघरात! मी मनात स्वतःचा उद्धार केला. “मामा, वायर उलटी लागली बगा…”

“न्हाई,” मामा म्हणाले.  “बरोबर गेली. पोरगं सकाळधरनं बिनचहाचं हाय.”

पोरानं आईकडं बघितलं आणि तो लहान लेकरासारखा रडला. मग स्वतःच आत जाऊन चहा ठेवला. सगळ्यांचा पिऊन झाल्यावर मामींनी पुन्हा हात सरकवला. या वेळी गाडी ओसरीत गेली आणि मामांच्या खाटेशी थांबली. पोरानं बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवले. दिवसभर आईजवळ थांबायला शेजारची एक बाई लावली आणि दर रविवारी बीदरची बस धरायला लागला.

मागच्या थंडीत मामा गेले. झोपेतच. मला अजून वाटतं, दुकानासमोर येऊन तळहात पुढं करतील आणि मी खेकसेन.

अंगणात त्रिशरण झालं. मामांना गाडीत ठेवलं आणि मी मामींना बघायला आत गेलो. त्यांचं बोट ओसरीच्या बटणावर होतं. रुळावरची गाडी केव्हाच पोचली होती. मामांच्या रिकाम्या खाटेशी, दिवा लावून उभी होती.

‘तुम्ही व्हा पुढं’ असं बाहेरच्या गाडीवाल्याला सांगून पोरगा मागोमाग आला. आईचं बोट अडकलंय समजून सोडवायला वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” मी म्हटलं. “गाडी जाऊ दे.”

बाहेर मामांची गाडी सुरू झाली. फाटकातून निघाली, मैलूरच्या रस्त्याला लागली, वळणाआड गेली. आवाज येईनासा झाला.

मग मामींनी बोट उचललं. हळूहळू, पण आपलं आपण.