खडूवरची पावलं

वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या भिंगरीताईच्या घरात दुसरं कोणीतरी राहत होतं. हे ती स्वतःच सांगायची, तेही आवाज खाली आणून. भरदुपारी, घरात ती एकटी असताना, नळ धो धो वाहत असायचा. कात्री फ्रिजमध्ये सापडायची, लोण्याच्या डब्याला टेकून.

"भुताला एखादी बाही तरी लावायला सांग," बायका म्हणायच्या. तुझे ब्लाउज कधी वेळेवर मिळालेत, हा टोमणा त्यात आलाच.

ताई हसायची नाही. दोनला बाही हातात घेतली की एकदम पाच वाजलेले असत. मधले तास कोण नेतं?

मग एकदा गॅसपाशी पडदा पेटला. थोरली बहीण धावत आली.

"पुरे झालं. महिनाभरात मशीन वीक, खोली सोड, माझ्याकडे राहा."

"आणि हातांचं काय करू?"

"मांडीवर ठेव."

घरात लपून वावरणाऱ्या त्या भुताच्या बयेला पकडल्याशिवाय घर सोडायचं नाही, असं ताईने ठरवलं. कापडावर खुणा करायचा खडू किसून तिने घरभर भुकटी पसरली आणि मशीनवर बसली. आज उठायचंच नाही.

पाचला तिने खाली पाहिलं. पावलं होती. मशीनपासून नळाकडे, नळापासून खिडकीशी, कपाटापुढे घुटमळून गॅसपाशी. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. ताईने हळूच आपल्या पायाचा तळवा वळवला. करंगळी तशीच चढलेली. पांढराफटक. त्यातलं एकही पाऊल तिला आठवत नव्हतं.

बहीण आली, तिने ती पावलं बघितली. तिच्या नातीला नुकतंच डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ताईला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"शाळेत कशा होतात?"

"भिंगरी हे नाव शाळेतलंच."

"हे लहानपणापासूनच असतं. मोठेपणी धावपळ कमी दिसते, पण लक्ष उडणं, विसरणं राहतं. हा आळस नाही, आणि भूत तर नाहीच."

त्यांनी रोजची गोळी दिली, गजर लावायला सांगितलं, एका वेळी एकच काम. समूळ जाणार नाही, पण आवरता येईल, म्हणाल्या.

मशीन विकलं नाही. गोळीने दुपार जागेवर राहू लागली. ताई स्वयंपाकघराच्या दारात रोज खडूची रेघ ओढते, तिथे थांबून स्वतःला विचारते, "कशाला निघालीस?" बहुतेक दिवस रेघ शाबूत असते.

एखाद्या संध्याकाळी मात्र ती पुसलेली दिसते. मग ताई आधी गॅस बघते, मग नळ, नवी रेघ ओढते आणि रिकाम्या खोलीला म्हणते, "ये गं बये, बस. बाही राहिलीय."