शेजारच्या सीटचा स्पीकर

माझी गाडी सोळा वर्षांची आहे आणि तिचा डेक बरीच वर्षं मुका होता. ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण गाडीत आम्ही चौघी असायचो. बीदरहून भालकीला रोजचं जाणं-येणं. मी तिथल्या शाळेत शिकवते. मागच्या सीटवर माझ्याच शाळेतल्या दोघी बाई, आणि माझ्या शेजारी अक्का. अक्का भालकीच्या दवाखान्यात नर्स, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. घरात कन्नड, पण मराठी आमच्याइतकंच तोंडात रुळलेलं.

मागच्या दोघी गाडी नाक्याबाहेर पडायच्या आत सुरू व्हायच्या. जावा, मुलांचे निकाल, परवाच्या बारशाला जेवण कसलं होतं. अक्का मधून मधून त्याला फोडणी द्यायच्या. मी गाडी चालवायचे. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसतो, त्यामुळे गाडीत तोंड मिटून बसणं हा मी माझा हक्कच समजत आले. शिवाय स्वभाव. आमच्या घरात म्हणतात की मी तोंड उघडते ते भांडायलाच. ते काही अगदीच खोटं नाही.

मग एकीची बदली कमठाण्याला झाली आणि दुसऱ्या रिटायर झाल्या, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गाडीत आम्ही दोघीच राहिलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एवढी शांतता त्या गाडीत मी कधी ऐकली नव्हती. अक्का पहिले काही दिवस काहीबाही विचारायच्या, मी ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणून मोकळी व्हायचे. नंतर त्या मोबाईल मांडीवर ठेवून जुनी कन्नड भावगीतं लावायला लागल्या. गाणी वाईट नव्हती. मला कन्नड चांगलं येतं, त्यातले शब्दही आवडायचे. पण त्या मोबाईलचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा. जातानाही तेच आणि येतानाही तेच.

दिवाळीनंतर एका सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. शाळेत तपासणी होती, उशीर झाला होता, आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बाजूला व्हायला तयार नव्हता. मी म्हणाले, “अक्का, ती किरकिर बंद करा. असली किरकिर ऐकायची तर माणसानं बसनं जावं.”

अक्कांनी गाणं बंद केलं. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या माझ्याबरोबर परत आल्या, नेहमीसारख्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्या नव्हत्या. मी दहा मिनिटं थांबून फोन केला. त्या म्हणाल्या की आज बसनं निघालेय, टीचर, तुम्ही पुढे व्हा. आवाजात राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. मी फोन ठेवला आणि गाडी सुरू केली.

त्यानंतर त्या बसनंच जात राहिल्या. आमच्याकडे सरकारी बस आता बायकांना फुकट आहे. अक्कांनी त्यासाठीच बस धरली, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि स्टाफरूममध्ये चारचौघींना सांगूनही टाकलं. बस फुकट होऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते आणि तोवर त्या माझ्याच गाडीत बसत होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी तो रस्ता एकटीनं केला. शेजारच्या सीटवर आधी पर्स ठेवायचे, मग डबा, मग वह्यांचे गठ्ठे. घरीही मी एकटीच असते. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मुलगी हैदराबादला नोकरीत. कधी कधी तर दिवसाचा पहिला शब्द मी वर्गात हजेरी घेतानाच बोलायचे. अक्का नाक्यावर बसची वाट बघत उभ्या दिसायच्या. त्या हात करायच्या, मी हॉर्न वाजवून पुढे जायचे. पुढचा अर्धा रस्ता मग जिवावर यायचा. मला फार एकटं वाटत होतं, आणि ते स्वतःशी कबूल करायला मला वर्ष लागलं.

अक्का मला परत हव्या होत्या. पण माफी मागणं माझ्या जिभेला जमत नाही, नवऱ्याचीही मी कधी मागितली नव्हती. मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. भांडण कशावरून झालं? किरकिरीवरून. म्हणजे किरकिर गेली की भांडण गेलं. असला नवा डेक घ्यायचा, ज्याला मोबाईल जोडता येतो. अक्कांचा मोबाईल जोडायचा आणि त्यांची गाणी चांगल्या स्पीकरवर वाजवायची. मग मला काही म्हणायची गरजच नाही. मला वाटलं, काय डोकं चालवलंय.

एका रविवारी बीदरमध्ये गाड्यांचं सामान बसवणाऱ्या एका भाईंकडे गेले. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी डेक ओढून काढला तर मागे वायरींचा गुंता निघाला, आधीच्या मालकानं चिकटपट्टीनं कशाही जोडलेल्या. दाराचं पॅनेल उघडलं तशी आतून लाल माती सांडली. जुन्या स्पीकरचा कागद हात लावताच भुगा झाला.

“अकेलेच चलाते ना मॅडम?” त्यांनी विचारलं. एकटीसाठी साधे स्पीकर पुरतील, उगाच भारीतले कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी फटकन म्हणाले की एकटी नाही, शेजारी एक बाई बसतात, आणि त्यांच्या बाजूचा आवाज सगळ्यात चांगला पाहिजे. बिचाऱ्यांनी भारीतले स्पीकर काढून पुढे ठेवले.

दुपारपर्यंत काम चाललं. आवाज तपासायला ते मला ड्रायव्हरच्या जागी बसवत होते, मी डावीकडे जाऊन बसले. त्यांनी आपल्या मोबाईलवरची कव्वाली लावली. मी त्यांना एखादं जुनं कन्नड भावगीत लावायला सांगितलं. गाणारी बाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता. इतके दिवस मी ज्याला किरकिर म्हणत होते, ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याचा मोबाईल कसा जोडायचा हे मी त्यांना इतक्यांदा विचारलं की शेवटी ते हसायला लागले. म्हणाले, पाच मोबाईल लक्षात ठेवतो हा डेक. मी म्हटलं, मला दोनच पुरेत.

सोमवारी सकाळी मी शेजारची सीट फडक्यानं पुसून घेतली. नाक्यावर अक्का उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि वाटेत घोकून ठेवलेलं बोलून टाकलं. नवा डेक बसवलाय, तुमचा मोबाईल त्याला जोडता येतो, तुमची गाणी आता छान वाजतील. अक्का वाकल्या, खिडकीवर हात ठेवून त्यांनी डेक बघितला. चांगला आहे म्हणाल्या. मी चाचणीला गाणं लावलं, तेही त्यांनी थोडं ऐकलं. दार मात्र उघडलं नाही.

“टीचर, मला गाण्याचं येड न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्या दोघी गेल्या आन् तुमी बोलतच नव्हता. रोजचा येवढा रस्ता. मला वाटायचं, मी तुमाला जड झालेव. गप बसवायचं न्हाई, म्हणून लावायचे.”

त्या हे भांडून बोलल्या नाहीत. दवाखान्यात पेशंटला गोळी कधी घ्यायची ते सांगावं, तशा बोलल्या. मी गाणं बंद केलं.

तुम्ही जड नव्हता. त्या दिवशी मी चुकले. तुम्ही गेल्यापासून हा रस्ता मला खायला उठतो, घरीही कुणी नसतं, बसा ना गाडीत. हे सगळं त्या क्षणी माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. अक्कांचा हात अजून खिडकीवर होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मागून भालकीची बस आली. दारातून दोन बायका ‘अक्का, जागा धरल्याव’ म्हणून हाका मारायला लागल्या. अक्कांनी तिकडे बघितलं, पण त्या हलल्या नाहीत.

मी म्हणाले, “अक्का, बस आली.”